४६ हजारांची ‘ओरिजिनल’ जाझ रेकॉर्ड: आम्ही कसे फसलो

मागच्या डिसेंबरमध्ये मी ४६ हजार रुपये देऊन जाझची एक रेकॉर्ड घेतली. १९५८ची, फर्स्ट प्रेस, म्हणजे पहिल्याच खेपेला निघालेली, असं सांगून ती मला विकली गेली. ती तशी नव्हती. मुंबईत आता पुष्कळ लोक जुन्या रेकॉर्डी घेऊ लागले आहेत. हिंदी सिनेमाची एलपी हातात घेतली की त्यातले बरेच जण खरं-खोटं सांगू शकतात, पण परदेशी जाझचा विषय आला की विकणाऱ्याच्या शब्दावर जातात. मीही तशीच गेले. म्हणून सगळं जसं घडलं तसं लिहिते आहे.

रेकॉर्ड अण्णांसाठी होती. माझे वडील. त्यांची सगळी नोकरी गोदीत, बीपीटीत (बॉम्बे पोर्ट ट्रस्टमध्ये) गेली आणि रेकॉर्डींचा नाद त्यांना तिथेच लागला. परदेशी तबकड्या तेव्हा दुकानांपेक्षा बोटीवरच्या माणसांच्या ट्रंकेतून जास्त यायच्या. १९७८ साली धोबीतलावच्या रंगभवनात पहिली जाझ यात्रा झाली, तेव्हा सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्सना ऐकायला अण्णा गिरगावातून चालत गेले होते. ती रात्र ते अजूनही काल घडल्यासारखी सांगतात. त्यांच्याकडे दोनेकशे एलपी आहेत, पण एक नव्हती: सॉनी क्लार्क या पियानिस्टची ‘कूल स्ट्रटिन’. कुणा खलाशाने ती त्यांना आठ दिवस ऐकायला दिली होती. नवव्या दिवशी बोट सुटली आणि रेकॉर्ड तिच्याबरोबर गेली. नंतर अण्णांनी सीडी घेतली, पण ‘ती नाही ही’ असं म्हणून ठेवून दिली.

सॉनी क्लार्क १९६३ मध्ये, वयाच्या अवघ्या ३१व्या वर्षी गेला. जिवंतपणी त्याला फार कुणी विचारलं नाही. आज ब्लू नोट कंपनीच्या या रेकॉर्डीच्या फर्स्ट प्रेसची चांगली प्रत परदेशात काही हजार डॉलरला जाते. हे मला ठाऊक होतं. त्यामुळे ४६ हजार हा आकडा ऐकतानाच मी थांबायला हवं होतं.

विकणारा एका ओळखीच्यांकडून कळला. वांद्र्यातल्या एका जुन्या इमारतीत तो घरूनच धंदा करतो. फोनवर गोड बोलला, शुद्ध मराठीत. त्याने रेकॉर्डीची माहिती कमी आणि कहाणी जास्त सांगितली. धोबीतलावचे एक गोवेकर ट्रंपेटवादक होते, हॉटेलांत वाजवायचे, त्यांच्या भावाने ती न्यूयॉर्कहून आणली, आता मुलं परदेशी गेली, घर रिकामं होतंय. ‘कव्हर थोडं खराब आहे ताई, म्हणून एवढ्यात देतोय. नाहीतर लाखाच्या खाली विषयच नव्हता.’ या शहरातल्या गोवेकर वादकांविषयी अण्णांकडून मी लहानपणापासून ऐकत आले आहे. कहाणी नेमकी माझ्या मनातल्या जागी येऊन बसली. आज वाटतं, मीच आधी अण्णांची गोष्ट त्याला सांगितली होती आणि त्याने ती माप घेऊन परत माझ्या अंगावर चढवली.

फोटो मागितले तर कव्हरचे आठ पाठवले. लेबलच्या भोवती जी कोरी, गुळगुळीत पट्टी असते तिला डेड वॅक्स म्हणतात. तिचा फोटो मागितला तर म्हणाला, मोबाइलमध्ये चमक येते, प्रत्यक्ष येऊन बघा. मग दुसऱ्या दिवशी फोन: पुण्याचं एक गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय, बयाणा टाकलात तर थांबवतो. मी यूपीआयने १० हजार पाठवले. उरलेले रोख न्यायचे ठरले.

त्याच्या खोलीत एकच पिवळा दिवा होता. टर्नटेबल होतं, पण ‘बेल्ट तुटलाय, दुरुस्तीला द्यायचंय’. म्हणजे वाजवून बघणं नाही. मी लेबल पाहिलं: निळं-पांढरं, त्यावर ‘४७ वेस्ट ६३’ हा पत्ता. १९५७ नंतरची काही वर्षं ब्लू नोटच्या लेबलांवर हाच पत्ता असायचा, तो बरोबर होता. डेड वॅक्सवर ‘आरव्हीजी’ ही अक्षरं दिसली, म्हणजे रूडी व्हॅन गेल्डर, ज्या इंजिनिअरने हे ध्वनिमुद्रण केलं आणि तबकडीची मूळ प्रत कापली तो. मला एवढं पुरेसं वाटलं. ३६ हजार मोजून दिले. पावती मागितली तर हसून म्हणाला, ‘ताई, जुन्या मालाची कसली पावती?’

अण्णांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला सकाळीच मी ती लावली. त्यांनी डोळे मिटले. तीनेक मिनिटं गेली असतील. मग त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, ‘अगं, ही मोनो आहे म्हणालीस ना?’

‘हो, १५८८ नंबरची. मोनोच.’

‘मग ड्रम त्या एकाच कोपऱ्यातून कसा येतोय?’

मोनो रेकॉर्डीत एकच ध्वनी दोन्ही स्पीकरना सारखा जातो, म्हणून सगळी वाद्यं मध्यभागी, एकामागे एक उभी असल्यासारखी ऐकू येतात. इथे फिली जो जोन्सचा ड्रम एका बाजूला होता आणि ट्रंपेट-सॅक्सोफोन दुसऱ्या. तबकडी स्टिरिओ होती. कव्हर आणि लेबल मात्र मोनोचं सांगत होतं. ऐंशी वर्षांच्या कानांना वरच्या पट्टीतले बारीक आवाज आता येत नाहीत, पण कोण कुठे उभं आहे ते येतं.

आणखी एक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली. ती रेकॉर्ड फार शांत होती. साठ-पासष्ट वर्षं हातोहात फिरलेली म्हणे, पण एक कुरकुर नाही, पहिल्या ट्रॅकआधी खरखर नाही. विकत घेताना हीच तिची मोठी जमेची बाजू वाटली असती.

त्या दिवशी दुपारीच आम्ही तिची तपासणी केली. शेजारचे काका घड्याळं दुरुस्त करायचे, त्यांचं डोळ्याला लावायचं भिंग आणलं. तुम्हीही जमलं तर असं एक भिंग घ्या, शंभर-दोनशे रुपयांत मिळतं.

आधी डेड वॅक्स. खऱ्या रेकॉर्डीवर तिथली अक्षरं मूळ प्रतीवर कोरलेली असतात आणि तबकडी दाबली जाताना साच्यातून उमटतात. त्यामुळे अक्षराचा तळ आणि कडा, दोन्ही बाकीच्या पृष्ठभागासारख्याच चकचकीत, गुळगुळीत असतात. आमच्या ‘आरव्हीजी’च्या कडा खरबरीत होत्या. नखाला टोचत होत्या, खाचेत पांढुरकी भुकटी होती. कुणीतरी तयार तबकडीवर सुईने ओरखडून ती अक्षरं लिहिली होती. हे भिंगातून पाहिलं तेव्हा पैसे गेल्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. ज्या माणसाने आयुष्यभर इतकं जपून काम केलं त्याची सही अशी खरवडायची.

जे असायला हवं ते नव्हतंच. १९६६पर्यंत ब्लू नोटच्या तबकड्या न्यू जर्सीतल्या प्लॅस्टिलाइट या कारखान्यात निघायच्या, आणि त्यांच्या डेड वॅक्सवर इंग्रजी ‘पी’ अक्षराची एक वळणदार खूण असते. दिसायला ती कानासारखी, म्हणून संग्राहक तिला ‘इअर’च म्हणतात. आमच्या तबकडीवर दोन्ही बाजूंना इअर नव्हता. उलट लेबलच्या पलीकडच्या बाजूला यंत्राने कोरलेला एक लांबलचक आधुनिक क्रमांक होता. तो खोडायची तसदीही त्याने घेतली नव्हती. पिवळ्या दिव्यात मला तो दिसला नाही, कारण ‘आरव्हीजी’ सापडल्यावर मी पुढे बघितलंच नाही.

मग कव्हर. कोपरे झिजलेले, कडा तपकिरी. पण खरं जुनं कव्हर वर्षानुवर्षं दाटीत उभं राहिलं की आतल्या तबकडीचा गोल वरच्या चित्रावर झिजून उमटतो. इथे झीज फक्त कडांना होती, पॉलिश पेपरने घासल्यासारखी. मागच्या बाजूचा बारीक मजकूर भिंगाखाली धरला तर काळी अक्षरं अखंड नव्हती, ठिपक्याठिपक्यांची होती. त्या काळी असा मजकूर सलग काळ्या शाईत छापला जायचा. जुन्या कव्हरचा स्कॅन काढून पुन्हा छापलं की चित्राबरोबर अक्षरांचेही ठिपके होतात. शेवटी मागच्या कोपऱ्यातलं जुनाट किंमतपट्टीचं स्टिकर वाफेवर धरून काढलं. खाली बारकोड होता. दुकानात पहिल्यांदा बारकोड वाचला गेला तो १९७४ मध्ये.

मी रीइश्यूला, म्हणजे पुनर्मुद्रणाला, नावं ठेवते आहे असा गैरसमज नको. अण्णांच्या कपाटात निम्म्या रेकॉर्डी रीइश्यूच आहेत. पण रीइश्यू आणि रीइश्यूत फरक असतो, आणि हाताशी आलेली ही त्यातही खालच्या प्रतीची होती. युरोपात ध्वनिमुद्रणाचा हक्क पूर्वी ५० वर्षांचा होता. २०१३ मध्ये तो ७० वर्षांचा झाला, पण तोवर ज्यांची मुदत संपली होती त्यांना तो परत मिळाला नाही. त्यामुळे १९५८ची रेकॉर्ड तिथे कुणीही काढू शकतो. मूळ टेप मूळ कंपनीच्या तिजोरीत असते, म्हणून अशा बऱ्याच जणांकडे ती नसते. मग बाजारातली सीडी घ्यायची, तिचीच तबकडी कापायची आणि वर ‘१८० ग्रॅम’चं स्टिकर लावायचं. वजन म्हणजे फक्त प्लॅस्टिक. खाचेत काय भरलंय ते त्याने कळत नाही.

ऐकताना हे असं जाणवतं: झांजा पत्र्यासारख्या टोचतात, टेपची सूक्ष्म सळसळ पुसून टाकलेली असते आणि तिच्याबरोबर खोलीची हवाही जाते. पॉल चेंबर्सचा बास फुगतो, पण बोट तारेवर कुठे पडलं ते कळत नाही.

चांगली रीइश्यू कशी ओळखायची, तर ती काही लपवत नाही. कुठल्या टेपवरून घेतली, मूळ प्रत कुणी कापली, कारखाना कुठला, हे सरळ छापलेलं असतं. ब्लू नोटने स्वतः २०१९पासून ‘टोन पोएट’ ही मालिका काढली आहे. तिची देखरेख जो हार्ली करतात आणि मूळ टेपवरून कापण्याचं काम केव्हिन ग्रे करतात. ग्रेंच्या हातच्या तबकड्यांच्या डेड वॅक्सवर त्यांची आद्याक्षरं सापडतात. तरीही नुसत्या स्टिकरवर विसंबू नका. एका नामांकित अमेरिकन कंपनीच्या, लोक ज्यांना संपूर्ण अॅनालॉग, म्हणजे थेट टेपवरून कापलेल्या, समजत होते त्या तबकड्यांच्या वाटेत डिजिटल टप्पा होता, हे २०२२ मध्ये उघड झालं.

विकणाऱ्याला मी त्याच संध्याकाळी फोन केला. ‘ताई, मला जशी मिळाली तशी दिली.’ दुसऱ्या दिवसापासून नंबर लागत नाही. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि पोलीस ठाण्यातही गेले. तिथल्या अधिकाऱ्याने नीट ऐकून घेतलं. पूर्वी ज्याला चारशेवीस म्हणायचो ते आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये येतं, हेही त्यांनीच सांगितलं. मग विचारलं, ‘ओरिजिनल आहे असं त्याने लिहून दिलंय का?’ मी चॅट उघडून खालीवर पाहिलं. फोटो होते, भाव होता, पत्ता होता. ‘ओरिजिनल’ हा शब्द एकदाही नव्हता. तो शब्द तो फक्त फोनवर बोलला होता. १० हजारांची नोंद बँकेत आहे, ३६ हजारांचा कुठेच पुरावा नाही. तक्रार अजून चालू आहे.

तेव्हा कुणी तुम्हाला महागडी जुनी रेकॉर्ड देऊ केली, तर आधी दोन्ही बाजूंच्या डेड वॅक्सचे स्पष्ट फोटो मागा, लेबल कुठल्या काळातलं आणि कुठल्या प्रेसचं आहे हे मेसेजमध्ये लिहून घ्या, आणि तुमच्यासमोर वाजवली नाही तर उठून या. आपण कुणासाठी घेतो आहोत हे तर त्याला अजिबात सांगू नका.

मी मार्चमध्ये अण्णांना अधिकृत रीइश्यू आणून दिली, काही हजारांत. तीही स्टिरिओच आहे, पण तसं सांगून विकलेली. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि म्हणाले, पियानोचा डावा हात ऐकू येतो, बरं झालं.

आधीची मात्र मी फेकायला निघाले होते. एका ओळखीच्याने तर ‘कव्हर छान म्हातारं केलंय, पुढे सरकवून टाका’ असंही सुचवलं. अण्णांनी ती माझ्या हातातून घेतली, मागच्या बाजूला बारकोडच्या शेजारी निळ्या बॉलपेनने ठळक अक्षरांत लिहिलं, ‘ही १९५८ची नाही’, खाली तारीख घातली, सही केली आणि कपाटात इतरांबरोबर उभी करून ठेवली.