कॉम्प्युटरचा हॉटस्पॉट: विंडोजवर ठेवावा की लिनक्सवर?

केबलने इंटरनेट घेणाऱ्या कॉम्प्युटरवरून वायफाय वाटायचं असेल तर दोन सरळ मार्ग आहेत: विंडोज १० किंवा ११ मधला मोबाईल हॉटस्पॉट, नाहीतर लिनक्सवरचा नेटवर्कमॅनेजर, म्हणजे तिथे नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम. दोन्ही काही मिनिटांत सुरू होतात, म्हणून सोपेपणावर निवड करू नका. हॉटस्पॉट बंद पडल्यावर कारण किती लवकर सापडतं आणि तीच अडचण पुन्हा किती वेळा येते, ते बघा.

विंडोजबद्दलची नेहमीची तक्रार म्हणजे नेटवर्कचं नावच दिसेनासं होतं. एकही उपकरण जोडलेलं नसेल तर विंडोज पाचेक मिनिटांत हॉटस्पॉट बंद करतं. रात्री टीव्ही बंद केला, फोन बाहेर गेला, की सकाळी टीव्हीला नेटवर्क सापडत नाही आणि दोष मात्र टीव्हीला दिला जातो. हॉटस्पॉटच्याच पानावर वीज वाचवण्याचा एक पर्याय असतो. तो बंद केला की एवढ्यापुरतं भागतं. पण कॉम्प्युटर स्लीपमध्ये जाऊन आला किंवा अपडेटनंतर रीस्टार्ट झाला की हॉटस्पॉट आपणहून परत सुरू होईल, असं धरून चालता येत नाही. त्यासाठी पॉवरशेलची (विंडोजच्या कमांड लिहिण्याच्या सोयीची) स्क्रिप्ट लिहून ती टास्क शेड्यूलरला, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीला, लावावी लागते. माझ्यापुरता निकाल इथेच लागला. जे नेटवर्क सुरू आहे की नाही हे रोज जाऊन बघावं लागतं, त्याच्यावर प्रिंटर किंवा कॅमेरा कसा ठेवणार?

लिनक्सवरही सुरुवातीला हाच अडथळा येतो, कारण एनएमसीएलआयने (नेटवर्कमॅनेजरची टर्मिनलमधली कमांड, nmcli) बनवलेल्या हॉटस्पॉटचं ऑटोकनेक्ट, म्हणजे आपणहून सुरू होणं, मुळात बंद असतं. फरक इतकाच, की ते एकदा 'येस' केलं की विषय संपतो. मशीन सुरू झालं की कोणी लॉगिन करायच्या आधीच हॉटस्पॉट हजर असतो.

लिनक्सवर वेगळी दुखणी आहेत, हे मान्य. फोन 'आयपी पत्ता मिळवत आहे' इथेच अडकला तर आधी डीएनएसमास्क (जोडलेल्या उपकरणांना पत्ते वाटणारा प्रोग्राम, dnsmasq) बसवलेलं आहे का ते पाहा. मग फायरवॉलमध्ये हॉटस्पॉटच्या बाजूने पत्ते वाटण्यासाठी यूडीपी ६७ आणि डीएनएससाठी (साइटच्या नावावरून पत्ता शोधण्यासाठी) ५३ हे पोर्ट उघडे आहेत का ते तपासा. दुसरं एखादं डीएनएसमास्क आधीच ५३ अडवून बसलं असेल तरी हेच होतं. पत्ता मिळाला पण इंटरनेट नाही, आणि त्याच मशीनवर डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणारं सॉफ्टवेअर) आहे? मग संशय आधी डॉकरवर घ्या. तो फॉरवर्डिंगचं धोरण 'ड्रॉप' करून ठेवतो, म्हणजे एका नेटवर्कवरून दुसरीकडे जाणारा डेटा अडवतो. जुनं उपकरण पासवर्ड बरोबर असूनही जोडलं जात नसेल तर वायफाय सुरक्षेतलं पीएमएफ (जोडणीचे नियंत्रण संदेश सुरक्षित ठेवणारी सोय) बंद करून पाहा. यातलं बरंचसं जर्नलसीटीएलच्या (लिनक्सच्या नोंदी दाखवणारी कमांड, journalctl) नोंदींत उघड दिसतं. विंडोज मात्र बहुतेक वेळा 'हॉटस्पॉट सुरू करता येत नाही' एवढंच सांगून गप्प बसतं.

जोडलेल्या उपकरणाचा आयपी पत्ता दोन्हीकडे मोठा दुवा असतो. विंडोजवर तो १९२.१६८.१३७ ने सुरू होतो, लिनक्सवर सहसा १०.४२.० ने. लॅपटॉपवर १६९.२५४ दिसला तर पत्ता वाटणारी सेवाच पोचलेली नाही. केबल आणि मोडेम तपासण्यात वेळ घालवू नका.

विंडोजचं पारडं जड होतं ते ड्रायव्हरच्या बाबतीत. इंटेलची बरीच कार्डं लिनक्सवर ५ गिगाहर्ट्झमध्ये हॉटस्पॉट होऊ देत नाहीत, २.४ वरच थांबावं लागतं. इंटरनेटही त्याच कार्डाने वायफायवरून घेत असाल तर चॅनेल एकच राहतो आणि वेग निम्म्यावर येतो, पण तो त्रास दोन्हीकडे सारखाच. कधीमधी तासाभरासाठी फोन जोडायचा असेल तर विंडोज पुरेसं आहे, फक्त तिथे आठच उपकरणं जोडता येतात हे लक्षात असू द्या.

कायमचं नेटवर्क हवं असेल तर मी लिनक्सकडे झुकेन. विंडोज काढण्याआधी मात्र लाइव्ह यूएसबीवरून (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून) लिनक्स सुरू करा आणि टर्मिनलमध्ये 'आयडब्ल्यू लिस्ट' (iw list) चालवा. चालणाऱ्या मोडच्या यादीत 'एपी' (AP, म्हणजे ॲक्सेस पॉइंट) नसेल तर ते कार्ड हॉटस्पॉट होणार नाही. अशा वेळी एमटी७६१२यू चिपचा यूएसबी अडॅप्टर घ्यावा. त्याचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नेल (गाभा) ४.१९ पासून आतच येतो.