गाऊट आहे, उन्हात काय प्यावं : उसाचा रस की ताक?

पलूसच्या आमच्या दाजींच्या पायाचा अंगठा गेल्या महिन्यात टम्म फुगला. चादरीचा स्पर्शही सोसेना. गाऊट निघाला, म्हणजे रक्तात युरिक अॅसिड वाढून सांधे सुजतात तो आजार. मटण कमी केलं, बिअर सोडली. आता विचारतात, "रस तरी चालेल ना? आपल्याच रानातला ऊस हाय."

युरिक अॅसिडच्या बाबतीत रस मार खातो. त्यात प्युरिन (ज्यापासून शरीरात युरिक अॅसिड बनतं) नावालाच, पण साखर भरपूर. मोठ्या ग्लासात तीसेक ग्रॅम सहज. त्यातलं निम्मं फ्रुक्टोज, आणि ते यकृतात मोडताना युरिक अॅसिड तयार होतं. रसवंतीवाल्यानं चरकात आलं-लिंबू घातलं म्हणून साखर घटत नाही. लोणी काढलेल्या ताकाचं उलटं आहे : प्युरिन कमी, आणि दुधातली प्रथिनं युरिक अॅसिड लघवीवाटे जायला मदत करतात.

तहान दोन्हींनी भागते. घरी विरजण असलं की ताकाला खर्च असा नाहीच, घुसळायचा काय तो कंटाळा. ताकाची खोड म्हणजे मीठ. आमच्याकडं तर मुठीनं घालतात!

रानात राबणाऱ्या, गाऊट-मधुमेह नसलेल्या माणसानं खुशाल रस प्यावा. दाजींसारख्यांनी ताक, बीपी असेल तर बिनमिठाचं, जिरेपूड टाकून. किडनीचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. आणि रक्तातलं युरिक अॅसिड ६ मिग्रॅ/डेसीलिटरच्या खाली ठेवायची गोळी चालू असेल, तर ताकाच्या भरवशावर ती बंद करू नये.