लॉज झकास, वाय-फाय जपून

मी धुळ्याचा, जीएसटीची कामं करतो. थ्रीबी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायची वीस तारीख जवळ आली की जळगावला मुक्काम ठरलेला, स्टेशनजवळच्या एका लॉजवर. नाव सांगत नाही, मालकाचा पोरगा भला आहे. चादरी स्वच्छ, सकाळी गरम पाणी, शेजारी तर्रीदार शेवभाजी. बोलायचंय ते फुकटच्या वाय-फायवर.

वेग उत्तम. पण पासवर्ड काउंटरमागच्या फळ्यावर खडूने लिहिलेला. विचारलं तर पोरगा म्हणे, "सगळासले एकच शे, भाऊ!" मेख तिथेच आहे. डब्ल्यूपीए-२ मध्ये, म्हणजे वाय-फायच्या जुन्या सुरक्षा पद्धतीत, हा सामायिक पासवर्ड ज्याला माहीत आहे, तो तुमचा लॅपटॉप नेटवर्कला जोडला जातानाचा क्षण टिपून पुढची ये-जा उलगडू शकतो. एचटीटीपीएसमुळे (ब्राउझर आणि साइटमधला मजकूर कुलूपबंद करणारी पद्धत) पोर्टलवर टाइप केलेलं वाचता येत नाही, पण तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते बहुतेक वेळा कळतं. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए-३ ने ही फट बुजवली. इथला राउटर त्याआधीचा.

फोनवरच्या स्कॅनर ॲपने पाहिलं तर रिसेप्शनचा कॉम्प्युटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, शेजारच्या खोल्यांतले लॅपटॉप, सगळी वरात एकाच नेटवर्कवर! पोरगा दचकलाच. राउटरमध्ये पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क आणि एपी आयसोलेशन (जोडलेली उपकरणं एकमेकांना दिसू न देणारी सोय) दोन्ही होतं, फक्त चालू नव्हतं. त्याने माझ्यासमोर चालू केलं. पुढच्या खेपेला फक्त राउटर दिसला. इतकं ऐकून घेणारा लॉजवाला मला तरी दुसरा भेटला नाही.

फळा मात्र तसाच. त्याच नावाचं, त्याच पासवर्डचं जुळं नेटवर्क कुणीही खोलीत बसून उभं करू शकतो, म्हणून लॅपटॉपची आपोआप जोडणी मी बंद ठेवतो आणि विंडोजमध्ये हे नेटवर्क 'पब्लिक' ठेवतो, म्हणजे इतरांना माझा लॅपटॉप दिसत नाही. रिटर्न आणि बँक फोनच्या हॉटस्पॉटवर. त्याला डेटा लागतो तरी किती? अपडेट आणि मॅच लॉजच्या खात्यावर. साइटची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटची लाल सूचना आली तर 'तरीही पुढे जा' दाबायचं नाही, पक्षकार कितीही घाई करो. फुकटच्या व्हीपीएनवर (आपली सगळी ये-जा स्वतःच्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा) माझा भरवसा नाही: लॉजवाल्यापासून लपवलेलं सगळं त्या अनोळखी कंपनीच्या हातात जातं.

लॉजला चार तारे, वाय-फायला तीन. खोली मागच्या बाजूची मागा, पुढे रात्रभर गाड्यांच्या घोषणा ऐकू येतात.