स्टॅम्प होता, पण त्या अंकाचा नव्हता

विकणारा उद्धट असता तर मी वाचलो असतो. हा माणूस मात्र भलताच गोड होता. मी तोंड उघडायच्या आधीच त्याने पिशवीची चिकटपट्टी हलक्या हाताने सोडवली, कॉमिकचा अंक बाहेर काढला, नेमके वाचकांच्या पत्रांचे पान उघडले आणि म्हणाला, "हे बघा, स्टॅम्प जागेवर आहे. घरी जाऊन शंका नको."

अंक होता 'द इन्क्रेडिबल हल्क' १८१, मुखपृष्ठावर नोव्हेंबर १९७४. जाणकारांना एवढे पुरे. इतरांसाठी सांगतो, वुल्व्हरिन हा सुपरहिरो पूर्णपणे पहिल्यांदा दिसतो तो याच अंकात. आधीच्या १८० मध्ये तो शेवटी नुसता डोकावून जातो, त्यामुळे खरा भाव १८१ ला. त्याच वर्षी प्रकाशक मार्व्हलने पत्रांच्या पानावर छोटे चित्र-स्टॅम्प छापायला सुरुवात केली होती. कात्रीने कापायचे आणि वहीत चिकटवायचे. त्या काळच्या पोरांनी ते इमानेइतबारे कापले. म्हणून आज या अंकाच्या कितीतरी कॉपी उघडल्या की पत्रांच्या पानाला चौकोनी भोक दिसते, आणि भोक दिसले की किंमत कोसळते.

१८१ घेताना स्टॅम्प बघायचा, हे मला ठाऊक होते. मला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक होते. मला जेवढे येत होते तेवढेच त्याने दाखवले आणि पुस्तक परत पिशवीत सरकवले.

कॉमिक्सच्या कन्व्हेन्शनचा शेवटचा दिवस, शेवटचा तास. शेजारच्या टेबलांवर खोकी भरणे चालू होते. माझ्या मागे एक जण उभा राहून त्याच कॉपीकडे बघत होता (तो खरेच गिऱ्हाईक होता की विकणाऱ्याचाच माणूस, हे मला आजही सांगता येणार नाही). "हातात घेऊन बघू का?" असे विचारायला जीभ रेटेना. त्याने स्वतःहून एवढे दाखवले, आता पुन्हा मागायचे म्हणजे त्याला खोटे ठरवल्यासारखे वाटले असते. मी रोख मोजली. पावतीवर टेबलाचा क्रमांक, रक्कम आणि 'कॉमिक, १ नग'. ग्रेड (अंकाच्या अवस्थेचा दर्जा) नाही, अंकाचे नाव नाही, विकणाऱ्याचेही नाही. तेव्हा मला त्यात काही वावगे दिसले नाही.

सात-आठ महिन्यांनी पैशांची गरज पडली म्हणून ती कॉपी मी ऑनलाइन विकायला काढली. फोटो टाकले, स्टॅम्पचाही टाकला. पहिल्याच दिवशी एकाने विचारले, "स्टॅम्पच्या पानाच्या मागच्या बाजूचा फोटो मिळेल का?" मला त्याचे हसू आले. मागच्या बाजूला कसला आलाय स्टॅम्प! पान उलटले आणि हसू तिथेच विरले. मागच्या छपाईत बरोबर स्टॅम्पएवढा चौकोन बाजूच्या मजकुराशी जुळत नव्हता. ओळी मधेच तुटत होत्या. बोट फिरवले तर कडेला डिंकाचा उंचवटा लागला.

त्याचे असे की एकच स्टॅम्प मार्व्हलच्या वेगवेगळ्या अंकांत छापला जायचा. कोणीतरी त्याच स्टॅम्पचा एखादा स्वस्त अंक घेतला, त्यातला तुकडा कापला आणि माझ्या कॉपीच्या भोकात बसवला. समोरून बघाल तर पान अखंड. समोरूनच बघणाऱ्यांसाठी ते केलेले होते.

जाहिरात काढून टाकली आणि कॉपी सीजीसी या कॉमिक तपासून दर्जा देणाऱ्या कंपनीकडे ग्रेडिंगला पाठवली. अजून थोडी आशा होती. आली ती जांभळे लेबल घेऊन. निळे लेबल म्हणजे कसलीही डागडुजी नसलेली कॉपी, जांभळे म्हणजे डागडुजी केलेली. स्टॅम्प तर बसवलेला होताच, शिवाय मणक्यावरच्या (अंकाच्या घडीच्या कडेवरच्या) पांढऱ्या चिरा रंगाने बुजवलेल्या होत्या. हे मला घरीसुद्धा कळायला हवे होते. मुखपृष्ठ उघडून आतल्या बाजूने मणक्याजवळ पाहिले तर पेनाची शाई झिरपलेली दिसते. अतिनील दिव्याखाली नंतर लावलेला रंग बहुतेक वेळा वेगळा उठतो. कडा कापून सरळ केल्या असतील तर त्या संशय यावा इतक्या ताज्या दिसतात. पन्नास वर्षांच्या कागदाला इतकी टवटवीत धार कुठून येणार? स्टेपलभोवती गंज आणि स्टेपल मात्र चकचकीत, तर ती बदललेली. यातले काहीही बंद पिशवीतून दिसत नाही.

पावतीवरचे टेबल कोणाच्या नावावर होते ते आयोजकांना विचारले. व्यवहार तुमच्या दोघांतला, असे उत्तर आले. त्यांचे काही चुकले असेही म्हणवत नाही, मी तरी काय कागद दाखवणार होतो?

विकतानाही मी एकदा असाच आपटलो, ते थोडक्यात सांगतो. १९९१ चा 'न्यू म्युटंट्स' ९८, डेडपूल पहिल्यांदा दिसतो तो अंक, चांगल्या अवस्थेतला, ऑनलाइन विकला. घेणाऱ्याने "वर्णनाप्रमाणे नाही" म्हणून परत पाठवला. परत आलेल्या अंकाच्या खालच्या कोपऱ्याला घडी होती, माझ्याला नव्हती. माझी कॉपी त्याने ठेवली आणि स्वतःची दुमडलेली मला धाडली. मी फक्त मुखपृष्ठाचा एक फोटो काढला होता, तोही पिशवीवर उजेड चमकत असलेला. त्या फोटोवर काहीच सिद्ध झाले नाही. त्यानंतर मणका, मागचे कव्हर, स्टेपल आणि मधले पान यांचे फोटो काढल्याशिवाय मी पार्सल बांधत नाही. मणक्यावर कव्हर किती सरकून बसले आहे आणि कडेला चित्र कुठे कापले गेले आहे, हे कॉपीगणिक थोडे वेगळे असते. त्यावरून आपली कॉपी ओळखता येते.

आणि पैसे पेपालच्या 'मित्र-नातेवाईक' या पर्यायाने पाठवायला सांगणाऱ्याला सरळ नमस्कार करा. कमिशन वाचते म्हणतात, पण त्याबरोबर खरेदीदाराचे संरक्षणही जाते.

स्लॅब, म्हणजे ग्रेड करून प्लास्टिकच्या पेटीत बंद केलेला अंक, घेतला की निर्धास्त, असेही नाही. पेटी उघडून आतला अंक बदलण्याचे प्रकार उघडकीस आलेले आहेत. लेबलवरचा क्रमांक तपासाच, पण जुना फोटो मिळत असेल तर आतली कॉपी तीच आहे का, ते डोळ्यांनी जुळवून बघा. पुनर्मुद्रणांची गोष्ट तर वेगळीच. डीसी या प्रकाशकाने १९७४ मध्ये 'ॲक्शन कॉमिक्स' १, म्हणजे सुपरमॅन पहिल्यांदा दिसतो तो अंक, मोठ्या आकारात पुन्हा छापला, आतले मुखपृष्ठ हुबेहूब १९३८ चे. बाहेरचे कव्हर काढून टाकले की आजोबांच्या पेटीत सापडलेला खजिना म्हणून विकायला मोकळे! तिथे निदान मोजपट्टीने भागते, मूळ अंक बराच लहान आहे.

माझा १८१ शेवटी विकला, जांभळ्या लेबलच्याच भावाने. वर्णनात पहिल्याच ओळीत लिहिले: स्टॅम्प दुसऱ्या अंकातला, मणक्याला रंग. ग्रेडिंगला पाठवण्याआधी काढलेला त्या उलट्या पानाचा फोटोही टाकला. तरी घेणाऱ्याचा पहिला निरोप आला, "त्या पानाचा अजून जवळून फोटो मिळेल?"

मी चार पाठवले.