इंदूरच्या सुदामानगरची रविवारची स्टॅटिस्टिक्सची बॅच: १० रविवार करून आलो, आता खरं काय ते लिहितो

आधीच सांगतो, मी काही स्टुडंट नाही. वय ४१, सांवेर रोडला एका नमकीनच्या कारखान्यात पॅकिंग बघतो. मालकांचा मुलगा एमबीए करून आला आणि मीटिंगमधे सिग्मा सिग्मा करायला लागला, मी आपला मान हलवत बसायचो. बायकोच्या मावसबहिणीचा मुलगा सीए फाउंडेशनसाठी या सरांकडे जात होता, तो म्हणाला काका तुम्ही पण या, तिथे सगळ्या वयाचे लोक असतात. फी ३५००, रविवारी सकाळी ८ ते १०. म्हटलं चला, नाहीतरी रविवारी भाजीच आणतो.

जागा म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली, २५ खुर्च्या आणि ३० माणसं, उशिरा आलात तर खिडकीच्या कट्ट्यावर. सर रिटायर्ड आहेत, शिकवतात हिंदीत आणि ओरडतात मराठीत, त्यामुळे आपल्या लोकांना दोन्ही बाजूंनी कळतं.

आता मुद्द्याचं. पहिले दोन रविवार सरांनी एकही फॉर्म्युला लिहिला नाही. मला वाटलं पैसे गेले. नुसते प्रश्न वाचून दाखवायचे आणि पेन खाली ठेवायला लावायचे आणि विचारायचे, "मोजताय की मापताय?" बस एवढंच, त्यावरून शक्यता काढायचा कुठला साचा (डिस्ट्रिब्यूशन) लावायचा ते ठरतं. मोजताय, म्हणजे किती पाकिटं खराब, किती फोन आले, तर मग पुढचं, एकूण किती ते आधीच ठरलंय का? २० पाकिटांच्या खोक्यात किती कमी वजनाची, तर बायनॉमियल. दिवसाला सरासरी २ कंप्लेंटचे फोन येतात, आज एकही न येण्याची शक्यता किती, तर इथे "एकूण" असं काही नसतंच, मग पॉइसन. (सर प्वासाँ म्हणतात, आम्ही सगळे पॉइसन, एकदा ओरडून झालं, मग त्यांनी नाद सोडला.) आणि वजन, उंची असलं मापताय तर बहुतेक वेळा नॉर्मल, पण वाट बघण्याचा वेळ असेल तर डोळे मिटून नॉर्मल लावायचं नाही, तिथे एक्स्पोनेन्शियल निघू शकतं. शाळेत असताना हे कोणी सांगितलं असतं तर माझे अर्धे मार्क वाचले असते, मी तर कायम फॉर्म्युला आधी आणि प्रश्न नंतर.

नॉर्मलला दुसरा नियम, आधी घंटा (नॉर्मलचा घंटेसारखा आलेख) काढायची, कुठला भाग हवाय तो पेन्सिलने काळा करायचा, मगच टेबल (त्या भागाचे आकडे दिलेला तक्ता) उघडायचं. मी हे दोनदा टाळलं आणि दोनदा आपटलो. आमचं २०० ग्रॅमचं शेवेचं पाकीट, मशीन २०३ वर सेट, एसडी (म्हणजे तोच सिग्मा, वजनं सरासरीच्या आजूबाजूला किती हलतात त्याचं माप) साधारण २ ग्रॅम. २०० च्या खाली किती जातात? झेड, म्हणजे २०० हे सरासरीपासून किती एसडी दूर, तो येतो उणे १.५. टेबलमधे १.५ समोर ०.४३३२, मी खुशाल मीटिंगमधे सांगितलं की ४३ टक्के पाकिटं कमी भरतात. मालकांच्या मुलाने चहाचा कप खाली ठेवला. रात्री चित्र काढलं तेव्हा कळलं, सेटिंग बरोबर २०० वर असती तरी निम्मीच कमी भरली असती, मग २०३ वर ४३ टक्के कशी येतील! ते टेबल मधल्या रेषेपासून झेडपर्यंतचं होतं, ०.५ मधून वजा करायचं होतं. ०.०६६८, म्हणजे हजारातली साधारण ६७.

आणि इथे माझी तक्रार नंबर एक. नोट्समधलं टेबल मधल्या रेषेपासूनचं, आणि पोरं मोबाईलवर जे उघडतात ते डाव्या टोकापासूनचं. दोन्ही बरोबर आहेत, पण सरांनी हे बोलताबोलता एका वाक्यात सांगितलं आणि पुढे गेले, बोर्डावर दोन्ही घंटा शेजारी शेजारी काढायला हव्या होत्या. निम्मा वर्ग तिथेच अडकला होता.

पण त्यानंतरचा रविवार, फीचे सगळे पैसे वसूल. मी माझंच गणित घेऊन गेलो, सर म्हणाले आता उलटं करा. कमी वजनाची फक्त १ टक्का हवी असतील तर? १ टक्क्याला झेड साधारण २.३३, म्हणजे सेटिंग २०० अधिक २.३३ गुणिले २, २०४.६६ ग्रॅम. पाकिटामागे १.६६ ग्रॅम जास्त, दिवसाला १०,००० पाकिटं धरली तर साडेसोळा किलोच्या वर शेव फुकट! मग सर म्हणाले, "अहो सेटिंगलाच का हात लावताय, मशीनचं हलणं कमी करा की." सेटिंग २०३ वरच ठेवून एसडी २ वरून १.२९ वर आणली तरी तोच १ टक्का. मी सोमवारी मेकॅनिकला बोलावलं. हे मला १५ वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

खोक्याचं गणित पण तिथेच झालं. २० पैकी एकही कमी नसण्याची शक्यता ०.९३३२ (१ वजा ०.०६६८) चा विसावा घात, जवळपास ०.२५. म्हणजे चार खोक्यांतलं एकच खोकं पूर्ण निर्दोष. खोक्यामागे सरासरी १.३४ कमी वजनाची (२० गुणिले ०.०६६८) धरून पॉइसनने केलं तर ०.२६ येतं, दोन्ही किती जवळ आहेत बघा.

सीएवाल्या पोरांसाठी सांगतो, परीक्षेत सायंटिफिक कॅलक्युलेटर चालत नाही, पॉइसनसाठी साध्यावरच ई (२.७१८२८ हा आकडा) चा घात काढावा लागतो. सर एक युक्ती शिकवतात, १ भागिले २.७१८२८ आणि मग बरोबरचं बटण दोनदा दाबा, ०.१३५३ येतं, म्हणजे ते २ फोनवालं उत्तर. माझ्याकडच्या कॅलक्युलेटरवर चाललं, तुमच्याकडच्यावर आधी करून बघा.

तक्रार नंबर दोन, कंटिन्युइटी करेक्शन, म्हणजे मोजायच्या गोष्टीला नॉर्मल लावताना आकडा अर्ध्याने सरकवणं. आठव्या रविवारी शेवटच्या १० मिनिटांत उरकलं. १०० नाणेफेकीत ६० किंवा जास्त छापे, नॉर्मलने काढताना ६० धरलं तर ०.०२२८, ५९.५ धरलं तर ०.०२८७, आणि खरं उत्तर ०.०२८४. अर्ध्याने एवढा फरक पडतो आणि त्याला १० मिनिटं! आणि पॉइसनच्या तासाला, ज्याच्या नावावरून ते आलं त्या फ्रेंच माणसाच्या आयुष्यावर अर्धा तास गेला होता. बाकी टी डिस्ट्रिब्यूशनची (सॅम्पल लहान असलं की नॉर्मलच्या जागी लावतात ते) गोष्ट मात्र मला फार आवडली, गॉसेट नावाचा माणूस डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत कामाला होता, सॅम्पल लहान असायचे म्हणून त्याने ते काढलं आणि १९०८ मधे स्टुडंट या टोपणनावाने छापलं. म्हणजे तो पण आपल्यासारखा कारखान्यातलाच माणूस.

एक्स्पोनेन्शियल शेवटच्या रविवारी २० मिनिटांत, ते धरूच नका.

५ पैकी ४ स्टार. एक स्टार कापला तो टेबलसाठी. बँकेच्या परीक्षेवाल्या मुलांना फार हळू वाटेल, त्यांनी डेमो करूनच ठरवा. गाडी झेरॉक्सवाल्याच्या शटरसमोर लावू नका, तो ९ ला दुकान उघडतो आणि वर येऊन सगळ्यांसमोर नंबर वाचून दाखवतो, माझा दोनदा वाचून झालाय. १० ला सुटल्यावर कोपऱ्यावर पोहे मिळतात, जीरावन (पोह्यांवर टाकायचा मसाला) मागून घ्या, तो स्वतःहून कमी टाकतो.