हॉबी सीएनसी लेथवर टूल ऑफसेट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

वाफेच्या छोट्या मॉडेल इंजिनासाठी पितळेची क्रँक डिस्क काढत होतो. डिस्कचा डाया (व्यास) मायक्रोमीटरवर बरोबर २५.०० मिमी आला. त्याच टूलने, त्याच प्रोग्रॅममध्ये काढलेला पुढचा दांडा मात्र ४.०० ऐवजी ४.०४ भरला आणि बुशमध्ये (दांडा ज्यात फिरतो त्या नळीत) जाईना. टूल ऑफसेट, म्हणजे टूलचं टोक नेमकं कुठे आहे हे मशीनला सांगणारा आकडा, चुकला म्हणावं, तर डिस्कही तेवढीच मोठी यायला हवी होती. टूल ऑफसेटकडे मी नीट बघायला लागलो तो त्या दिवसापासून, म्हणून अनुभवही तिथूनच सांगतो.

मशीन साधं आहे. १८० मिमी स्विंगचा (एवढ्या व्यासापर्यंतचा जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, त्यात फिरतो) टेबलावरचा लेथ, झेडला (जॉबच्या लांबीची दिशा) १६०५ आणि एक्सला (डायाची दिशा) १२०४ बॉलस्क्रू (टूल सरकवणारे स्क्रू), क्लोज्ड लूप स्टेपर मोटर, आणि कंट्रोलला लिनक्ससीएनसी हे सॉफ्टवेअर. एक्सचा स्क्रू एका फेऱ्यात ४ मिमी सरकतो आणि मोटरला फेऱ्यामागे १६०० पल्स लागतात. म्हणजे एका पल्सला अडीच मायक्रॉन, डायात पाच. एवढी बारकाई हातात असताना दांडा चार शतांश मोठा का यावा, हे मला दोन संध्याकाळी कळलं नाही. बॅकलॅश (स्क्रूची ढिलाई) तपासला, प्रोग्रॅम ओळ न ओळ वाचला.

शेवटी आमच्या गल्लीतल्या काकांना बोलावलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांनी तीस वर्षं टर्नरचं काम केलंय. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलंच नाही. "फेसिंग मारून दाखव," म्हणाले. मारली, म्हणजे जॉबचं तोंड टूलने सपाट कापलं. जॉबच्या मधोमध अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जाड दाणा उरला होता. मग त्यांनी सहा इंची स्टीलची पट्टी घेतली, ती टूलचं टोक आणि गोल बार यांच्यात उभी धरली आणि मला एक्स हळूच आत घ्यायला लावला. पट्टी पकडली गेली तशी तिचं वरचं टोक आमच्याकडे झुकलं. "टूल खाली बसलंय बघ. आधी सेंटरला घे, मग तुझा आकडा बघू."

टूल धरणाऱ्या होल्डरच्या उंचीच्या नटाचा लॉक ढिला झाला होता आणि टूल साधारण ०.३ मिमी खाली उतरलं होतं. टूल खाली असलं की टोक जॉबला मध्यरेषेवर भिडत नाही, थोडं खालच्या अंगाला भिडतं. २५ च्या डायावर कट मारून ऑफसेट घेतला की त्या डायापुरती चूक आपोआप भरून निघते. डाया बारीक होत गेला की ती उघडी पडते. रात्री हिशेब मांडला: ०.३ खाली असलेलं टूल २५ ला अचूक असेल, तर ४ च्या जागी ४.०३८ काढेल. माझा दांडा ४.०४ होता! पट्टीची ही तपासणी आता प्रत्येक नव्या इन्सर्टला (टूलच्या बदलता येणाऱ्या कापणाऱ्या टोकाला) करतो. अर्धा मिनिटही लागत नाही.

दुसरा मुद्दा टूल पोस्टचा, म्हणजे होल्डर ज्यावर बसतो त्या खांबाचा, आणि इथे माझे पैसे दोनदा गेले. सुरुवातीला ऑनलाइन मागवलेली पिस्टन पद्धतीची क्विक चेंज पोस्ट होती. तिच्यात पिस्टन होल्डरला बाहेर ढकलून डव्हटेलमध्ये (तिरक्या कडांच्या खाचेत) घट्ट करतो. डायल (सुईचं मापक) लावून एकच होल्डर वीस वेळा काढला आणि बसवला, तर टोक ०.०३ ते ०.०५ मिमीपर्यंत इकडेतिकडे जात होतं. डायात याच्या दुप्पट. मग वेज पद्धतीची घेतली, जी होल्डरला पोस्टवर आत ओढून घेते. तोच प्रयोग केला आणि सुई एका घरापलीकडे गेली नाही. टूल टेबलात (सगळ्या टूलांच्या ऑफसेटच्या यादीत) भरलेला आकडा ही एका अर्थी आठवण असते, आणि होल्डर दर वेळी वेगळ्या जागी बसत असेल तर ती आठवण कामाची नाही. नवा लेथ घेणाऱ्याला मी सांगेन की दोन पैसे मोटरमध्ये वाचव, पोस्टमध्ये नको. डव्हटेल मात्र ब्रशने साफ करूनच होल्डर चढवावा. पितळेचा एक बारीक कण अडकला तरी सगळी मेहनत जाते.

आता पद्धत. पहिले दोन महिने मी प्रत्येक जॉबला प्रत्येक टूलचा ऑफसेट नव्याने घ्यायचो. तासभर त्यातच जायचा. आता टी१ (टूल क्रमांक १) हे बाहेरचं फिनिशिंग टूल माझं मास्टर आहे, त्याचे ऑफसेट शून्य. बारला फेसिंग मारतो आणि टच ऑफने (आत्ताची जागा किती हे कंट्रोलला सांगून) झेड शून्य करतो. मग डायावर हलका कट मारतो, एक्सला हात न लावता झेडने मागे येतो, जॉब फिरवणारा स्पिंडल थांबवतो, मायक्रोमीटर लावतो आणि जो डाया येईल तो टच ऑफमध्ये भरतो. बाकीची टूलं टी१ च्या तुलनेत टेबलात नोंदलेली आहेत. मशीन चालू केल्यावर होमिंगचा (मशीनची मूळ जागा शोधणारा) स्विच एखाद-दोन शतांश इकडेतिकडे करतो, पण तेवढं सगळ्याच टूलांना एकसारखं लागतं. टी१ चा एक कट तपासला की बाकीची पाच टूलं आपोआप जागेवर येतात. रोजचे चाळीस मिनिटं वाचली ती यामुळे.

बाकीच्या टूलांना मी कार्बाइडचं टोक जॉबला टेकवत नाही, टवका उडतो. १० मिमीची हार्डन डॉवेल पिन (कडक केलेली गोल पिन) टूल आणि जॉबच्या मध्ये फिरवतो. पिन जाणार नाही इतकं टूल जवळ आणायचं, मग एक-एक शतांश मागे घ्यायचं, आणि पिन नुकती सरकली की थांबायचं. बोटाला तो क्षण स्पष्ट कळतो. झेडला १० भरायचे. एक्सला मात्र बारच्या डायात २० मिळवायचे, कारण पिन एकाच बाजूला आहे आणि जी७ मध्ये (एक्स डायात मोजायच्या आज्ञेत) सगळे आकडे डायाचे असतात. मी एकदा १० च मिळवले होते. कोरड्या (न कापता चालवलेल्या) फेरीत टूल जॉबपासून भलत्याच अंतरावर दिसलं म्हणून लक्षात आलं.

लिनक्ससीएनसीच्या ॲक्सिस स्क्रीनवर "टच ऑफ" आणि "टूल टच ऑफ" ही दोन बटणं शेजारी-शेजारी आहेत, आणि नवख्याला इथे जपायला हवं. पहिलं जॉबचा शून्य हलवतं, दुसरं त्या टूलचा ऑफसेट लिहितं. टी३ साठी चुकून पहिलं दाबलं, तर टी३ बरोबर दिसतं आणि उरलेल्या सगळ्या टूलांची साइज बिघडते.

सर्वांत महागात पडलं ते जी४३, म्हणजे टूलचा ऑफसेट लागू करणारी आज्ञा, विसरणं. टूल बदलायला टी४ एम६ लिहिलं, पण जी४३ लिहिला नाही. अशा वेळी कंट्रोल आधीच्याच टूलचा ऑफसेट धरून चालतो. टी४ म्हणजे माझा बोअरिंग बार (भोक आतून कापणारं टूल), आणि तो टी१ पेक्षा जवळजवळ ४० मिमी पुढे येतो. प्रोग्रॅमने झेड ५ ला रॅपिड (जलद चाल) मागितला आणि बार जॉबच्या तोंडावर जाऊन आदळला. इन्सर्ट फुटला, बारही वाकला. तेव्हापासून टी४ एम६ जी४३ हे तिन्ही एकाच ओळीत लिहितो, आणि टूल बदलण्याआधी झेड भरपूर मागे नेतो.

बोअरिंगची आणखी एक गोष्ट बरीच उशिरा उमगली. बाहेरचं टूल एक्स कमी होत जाताना कापतं, बोअरिंग बार एक्स वाढत जाताना. म्हणजे स्क्रूची ढिलाई दोघांना उलट बाजूंनी लागते. बाहेरच्या टूलसारखंच आत येत-येत बारचा ऑफसेट घेतला, तर बोअर तेवढा लहान येतो. आता बारला टेकवताना शेवटची हालचाल बाहेरच्या दिशेनेच करतो.

टेपर (निमुळता भाग) आणि चॅम्फर (तिरकी कापलेली कड) काढणाऱ्यांनी टूल टेबलातला डी हा रकाना तपासावा. सीसीएमटी ०६०२०४ या इन्सर्टच्या नावात शेवटचा ०४ म्हणजे ०.४ मिमी टोकाची त्रिज्या, पण डी मध्ये व्यास लागतो, ०.८. क्यू मध्ये टोकाची दिशाही बरोबर हवी. त्रिज्येची भरपाई न करता काढलेला १ मिमीचा ४५ अंशाचा चॅम्फर ०.७७ च निघतो. सरळ डायावर आणि फेसवर फरक दिसत नाही, म्हणून ही चूक महिनोन् महिने लपून राहते.

एप्रिलमध्ये दुपारी काम केलं तेव्हा अर्ध्या-पाऊण तासाने झेड सरकलेला आढळायचा. ३०० मिमी स्टील दहा अंशांनी तापलं की सुमारे ३५ मायक्रॉन वाढतं. त्यामुळे आता मशीन आधी वीस मिनिटं रिकामं फिरवतो आणि मगच टी१ तपासतो.

थ्रेडिंग (आटे काढायच्या) टूलचा झेड मी अजूनही डोळ्यांनीच लावतो. त्याचं टोक फेसला टेकत नाही, आणि आट्यांच्या शेवटी गाळा (मोकळी खाच) ठेवला की एक-दोन दशांश इकडेतिकडे झाले तरी चालतं. पार्टिंग (जॉब कापून वेगळा करायच्या) टूलचं तसं नाही. त्याचा डावा कोपरा धरायचा की उजवा हे ठरवून घ्यावं लागतं, नाहीतर २ मिमीच्या पात्याएवढी लांबी चुकते. मी डावा धरतो आणि होल्डरवर मार्करने बाण काढून ठेवलाय. क्रँक डिस्क गेल्या रविवारी पुन्हा काढली. दांडा ४.०० आला आणि बुशमध्ये बोटाने फिरला.