विंडोजचं व्हीपीएन: बंद पडलेली सर्व्हिस पुन्हा सुरू केल्यानंतरचे महिने

गेल्या पावसाळ्यापासून ऑफिसचं सगळं काम मी विंडोजच्या अंगभूत व्हीपीएनवरून (इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारी सुरक्षित वाट) करते आहे. जोडणी आयकेईव्ही२ या प्रकारची, वेगळं ॲप नाही. त्याआधी ती पार बंद पडली होती आणि ज्याला विचारावं तो म्हणे, फॉरमॅट मारा. फॉरमॅटची गरज नव्हती.

संगणक ‘हलका’ करणाऱ्या एका सॉफ्टवेअरने काही सर्व्हिसेस (विंडोजमध्ये मागे चालणारे प्रोग्राम) डिसेबल करून टाकल्या होत्या. त्यातली एक ‘आयकेई अँड ऑथआयपी आयपीसेक कीइंग मॉड्यूल्स’. व्हीपीएनच्या आयकेईव्ही२ आणि एल२टीपी या दोन्ही प्रकारांचं पान तिच्यावाचून हलत नाही. एसएसटीपी या आणखी एका प्रकाराला मात्र ती लागत नाही. त्यामुळे एसएसटीपी चालतंय आणि आयकेईव्ही२ नाही, तर आधी हिच्याकडे बघावं. अंगभूत व्हीपीएनचा कुठलाच प्रकार चालत नसेल, तर ‘रिमोट ॲक्सेस कनेक्शन मॅनेजर’ या सर्व्हिसकडे.

आयकेईची सर्व्हिस ऑटोमॅटिक करून स्टार्ट दाबलं, तर एरर १०६८. म्हणजे ती ज्या सर्व्हिसवर अवलंबून आहे तीच सुरू होत नाही. प्रॉपर्टीजमधल्या डिपेन्डन्सीज टॅबमध्ये खरी गोम सापडली: खालची ‘बेस फिल्टरिंग इंजिन’ ही सर्व्हिस बंद होती. विंडोजची फायरवॉलही त्याच इंजिनावर उभी असते. व्हीपीएन गेल्याचं लगेच कळलं, फायरवॉल गेल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. मला सगळ्यात गंभीर वाटलं ते हे.

रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) या इंजिनाच्या ‘स्टार्ट’ची किंमत ४, म्हणजे डिसेबल्ड, होती. ती की, म्हणजे रजिस्ट्रीतली ती नोंद, आधी एक्स्पोर्ट करून ठेवली, ४ चे २ केले, संगणक रीस्टार्ट केला. इंजिन, फायरवॉल आणि वरची सर्व्हिस, तिन्ही सुरू झाली. या कीवर ‘एव्हरीवन’ला फुल कंट्रोल द्या, असा सल्ला हमखास मिळतो. तो कृपया मानू नका. सुरक्षेच्या मुळाशी असलेल्या सर्व्हिसची दारं सताड उघडून काय मिळवायचं?

सर्व्हिसच्या रिकव्हरी टॅबमध्ये, ती बंद पडण्याच्या तिन्ही वेळांना ‘रीस्टार्ट द सर्व्हिस’ लावलं आहे. मोठं अपडेट आलं की ही सर्व्हिस आणि खालचं इंजिन, दोन्हींवर एक नजर टाकते. आजवर काही बदललेलं दिसलं नाही.

रोजच्या वापरात मी अतिशय समाधानी आहे. वीज गेली, वायफाय गेलं, फोनचा हॉटस्पॉट लावला, तरी जोडणी स्वतःच सावरते. आयकेईव्ही२मधल्या मोबाइक या सोयीचं हे काम. नेटवर्क गेल्यावर विंडोज मुळात ३० मिनिटं वाट बघतं. जोडणीच्या प्रॉपर्टीजमध्ये ती वेळ बदलता येते.

अडचण येते ती बाहेरच्या वायफायवर. आयकेईव्ही२ला यूडीपी या डेटा पाठवण्याच्या पद्धतीचे ५०० आणि ४५०० हे पोर्ट (नेटवर्कवरच्या क्रमांक दिलेल्या वाटा) लागतात आणि काही हॉटेलांत ते अडवलेले असतात. सर्व्हिस ‘रनिंग’ दिसत असेल तर तिथे रजिस्ट्रीला हात लावू नका. ऑफिसच्या सर्व्हरवर सोय असेल तर एसएसटीपीची दुसरी जोडणी करून ठेवा. ती टीसीपी या दुसऱ्या पद्धतीच्या ४४३ पोर्टवरून जाते, आणि तो पोर्ट सहसा कुणी अडवत नाही.